बेडकाचा सातबारा

परवा टीव्हीवर एक मराठी सिनेमा लागला होता. पहिला पाऊस, भरलेला ओढा, काठावर रुसून बसलेली नायिका आणि मागे बेडूक. लसूण सोलता सोलता आमची आई म्हणाली, "ह्यो आपल्याकडचा न्हाई." मला वाटलं नायकाबद्दल बोलतेय. ती बेडकाबद्दल बोलत होती.

आणि तिचं बरोबर होतं. आमचा बेडूक डराँव डराँव करतो. सिनेमातला 'रिबिट' म्हणतो. हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा झाडबेडूक. हॉलिवूडच्या आवाजवाल्यांना स्टुडिओच्या आसपास हाच सापडला, त्यांनी तो भरून ठेवला आणि तेव्हापासून पाऊस कुठेही पडो, ओरडतो कॅलिफोर्नियाच. पडद्यावर गरुड आला की ओरडतो लाल शेपटीचा अमेरिकी ससाणा. 1951 च्या एका सिनेमासाठी भरलेली 'विल्हेल्म' नावाची किंकाळी तर शेकडो सिनेमांत ऐकू येते. माणसं वेगळी, मरण वेगळं, ओरडणारा एकच.

चेहरा मात्र सगळ्यांना आमच्या सातारा जिल्ह्याचाच लागतो. 'गंगाजल'ने वाईत बिहार वसवला, 'दबंग'ने उत्तर प्रदेश. 'स्वदेस'ने मेणवलीत मुक्काम ठोकला. आमचा घाट कुठल्याही राज्याचा रहिवासी दाखला काढून देतो. मग बेडकाने तेवढा परदेशी पासपोर्ट घेतला, तर आम्ही कुठल्या तोंडाने बोलायचं?

माझा भाचा मुंबईत एडिटिंग आणि साउंड करतो. त्याला जाब विचारला. तो म्हणाला, "मामा, शूटिंगला क्रेन येते, ड्रोन येतो, पन्नास माणसांची पंगत उठते. आवाजाची पाळी येईस्तोवर निर्मात्याच्या खिशात रिक्षाभाडं उरलेलं असतं. मग तयार फोल्डर उघडायचा, 'व्हिलेज मॉर्निंग' ओढायचं आणि टाइमलाइनवर टाकायचं. कोंबडा एकदा, बैलाची घुंगरं दोनदा, झालं गाव."

म्हणजे लग्नात मांडवाला लाख रुपये आणि भटजीला सव्वा रुपया.

हे पैशाअभावी होतं म्हणावं, तर 1937 साल आठवतं. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने 'कुंकू' काढला. दिग्दर्शक शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीताला जवळजवळ रजाच दिली आणि घरातल्या आवाजांवर सिनेमा पेलला. बोलपट मराठीत येऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. संगणक नव्हता, फोल्डर नव्हता, कान होते. त्याच प्रभातच्या आवारात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तिथे आवाज आणि संकलन रीतसर शिकवतात. आमच्या कोरेगावातून सकाळची गाडी धरली तर दुपारपर्यंत पोचता येतं. पण आमची पोरं पुण्याला जातात ती एमपीएससीच्या क्लासला.

साधनं नाहीत, हीही सबब आता चालत नाही. दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती मिळते, तिच्यात चित्र कापायची सोय आहे आणि फेअरलाइट नावाचं आवाजाचं अख्खं पानही. बार्सिलोनातल्या एका विद्यापीठाने 2005 पासून 'फ्रीसाउंड' चालवलंय. कुणीही आवाज टाकावा, कुणीही न्यावा, फक्त प्रत्येक आवाजाची परवान्याची अट वाचावी. बीबीसीने 2018 साली आपल्या तळघरातले हजारो आवाज शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी खुले केले. धंद्यासाठी हवे तर पैसे. थोडक्यात, लंडनच्या पावसाचा आवाज घरबसल्या मिळतो. कोरेगावच्या पावसाचा नाही. तसा पाऊसही आमच्याकडे घरबसल्या मिळत नाही, तो भाग वेगळा.

पण पाऊस पाडायची युक्ती आमच्याच घरात निघाली. भाच्याने आईकडून सूप मागितलं, त्यात ओंजळभर वाळलेला वाघ्या घेवडा टाकला आणि माइकजवळ हलक्या हाताने घोळवला. डोळे मिटले तर पत्र्यावर सर आलेली. सूप जरा तिरकं केलं की झड, थांबवलं की उघडीप. या कलेला फोली म्हणतात. हॉलिवूडच्या जॅक फोली नावाच्या माणसावरून. आई म्हणाली, "घेवडा परत डब्यात घाल." कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे उसळीतल्या दाण्याला गावचा पत्ता आहे, ओढ्यातल्या बेडकाला नाही.

मग भाचा म्हणाला, आता घराची शांतता भरून घेतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे, संवादांच्या मधल्या फटी बुजवायला ती लागते. फक्त एक मिनिट. काठीला केसाळ टोपडं घातलेला माइक लावून तो ओटीवर बसला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मांजर कशाला बांधलंय रं?" पहिलं मिनिट त्यातच गेलं. दुसऱ्या मिनिटात घंटागाडी आली, गाण्यासकट. तिसऱ्यात भंगारवाल्याचा भोंगा. चौथ्यात कुकर. पाचव्यात एका भावी सरपंचाचा वाढदिवस सुरू झाला आणि खिडकीच्या काचाच बोलायला लागल्या. परक्या बेडकाला किती नावं ठेवू? आमचा असता, तरी या डीजेपुढे कुणाला ऐकू गेला असता? एक मिनिट शांतता आपल्याकडे फक्त शोकसभेत पाळतात आणि तीही वीस सेकंदांत उरकतात.

शेवटी पोरगं रात्री दोन वाजता गुडघाभर चिखलात ओढ्याकाठी जाऊन बसलं. वीज गेली होती, म्हणून गाव गप्प होतं. लांब रेल्वेचा भोंगा वाजला, विरला, आणि मग सगळा ओढा एकदम डराँव डराँव करत उठला. सकाळी हेडफोन आईच्या कानाला लावला. ती म्हणाली, "ह्यो हाय आपला."

भाच्याने तो आवाज एका सिनेमात घातला. दिग्दर्शकाने पहिल्याच स्क्रीनिंगला हात वर केला, "थांबा, हा बेडूक खोटा वाटतोय. नेहमीचा ओरिजिनल टाका."

टाकला. काय करणार, बिल निघायचं होतं.

आमचा बेडूक सध्या पेनड्राइव्हमध्ये, आईच्या घेवड्याच्या डब्याशेजारी आहे. कुणा निर्मात्याला लागला तर सांगा. पैसे नकोत, श्रेयनामावलीत फक्त मुक्काम पोस्ट कोरेगाव लिहा. सातबारा आम्ही जोडून देऊ.