वीस नंबरचा सर्व्हर

आमच्या सदाशिव पेठेतल्या प्रकाशनाचा मेल सर्व्हर ऐन दिवाळी अंकाच्या मोसमात वीज गेल्यामुळे तासभर आडवा झाला. त्या तासात मराठी साहित्याचं न भरून येणारं नुकसान झालं, अशी मालकांची पक्की समजूत आहे.

“दुसरा सर्व्हर बसवा,” ते म्हणाले. “याच्याच शेजारी बसवा. त्याच बोर्डात एक प्लग रिकामा आहे.”

वीज गेली की दोघंही एकदमच जातील, हे पटायला चहा मागवावा लागला. मग मी सांगितलं, की मुळात घाबरण्याचं कारण नाही. दार बंद दिसलं म्हणून पाठवणारा सर्व्हर मेल फेकून देत नाही. रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येऊन बघतो. इंटरनेटच्या नियमांत, २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये, निदान चार-पाच दिवस तरी हार मानू नये असं लिहूनच ठेवलंय.

“चार-पाच दिवस कोण थांबतं हो?”

आमचे लेखक मानधनासाठी याच्या कितीतरी पट थांबतात, हे मी बोललो नाही. मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याचा सर्व्हर घेतला.

आता डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत, त्याची एमएक्स नोंद करायची, म्हणजे आमचं टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचं ते लिहायचं. ही सोय १९८६ पासूनची. प्रत्येक सर्व्हरच्या नावाआधी एक आकडा, आणि आकडा लहान तितका मान मोठा. जुन्याला १०, नव्याला २०. खरं तर १ आणि २ लिहूनही भागतं, पण उद्या मध्ये कुणाला बसवायचं झालं तर जागा असावी म्हणून दहादहाने जायचा प्रघात. मालकांना हे रुचलं नाही. पैसे नव्यावर खर्च झालेले आणि पहिला मान जुन्याला!

ही नोंद झोन फाइलमध्ये होते, आणि तिथे सर्व्हरच्या पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावं लागतं. ते राहिलं की डीएनएस आपलं डोमेन त्याला पुन्हा जोडतं आणि ‘मेल२.अमुक.इन.अमुक.इन’ असं, अवघ्या पृथ्वीतलावर नसलेलं नाव तयार होतं. पूर्णविरामाची इतकी धास्ती आमच्या मुद्रितशोधकांनीही कधी घेतलेली नाही.

नोंद झाल्यावर मालक दर अर्ध्या तासाने विचारत, “पसरली का?” वास्तविक पसरत काहीच नाही. ज्यांनी आमचा पत्ता आधी विचारला होता, ते जुनं उत्तर टीटीएलची मुदत संपेपर्यंत लक्षात ठेवतात, एवढंच. आमची मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस. “पसरतेय,” मी म्हणायचो.

आणि मग वर्दळ सुरू झाली. मुख्य सर्व्हर ठणठणीत असताना वीस नंबरावर मेलची रीघ! मालक खूश. मला मात्र पाहुणे ओळखीचे वाटले. स्पॅम पाठवणारे बहुधा मोठा आकडा बघूनच येतात. तिथली राखण ढिली असते, हे त्यांना पक्कं ठाऊक. असा सर्व्हर म्हणजे शेजारच्या काकू. आपण घरी नसलो की आपलं पार्सल त्या घेतात. पण घरात कोण राहतं हे काकूंना सांगितलेलंच नसेल, तर त्या कुणाच्याही नावाचं काहीही घेतात. घरचे आल्यावर म्हणतात, या नावाचं इथे कुणी नाही. मग काकू ते पार्सल वर लिहिलेल्या पत्त्यावर परत धाडतात, आणि तो पत्ता असतो खोटा. ज्याने आयुष्यात काही पाठवलं नाही, त्या बिचाऱ्याच्या दारात आमच्या नावाने ढीग. असे ढीग वाढले की जग आपल्यालाच स्पॅमवाले ठरवतं.

शिवाय काकूंनी आणलेलं टपाल आपल्याच मुख्य सर्व्हरने अडवू नये, हेही बघावं लागतं. एसपीएफ तपासणी म्हणजे मेल पाठवणाऱ्याच्या मान्य सर्व्हरवरूनच आला का हे बघणं, आणि तिला काकूंचा आयपी अनोळखी. खऱ्या लेखकाचा खरा लेखही तिथे तोतया ठरायचा. म्हणून त्यांची ओळख करून दिली, गाळण्या दोन्हीकडे सारख्या लावल्या आणि काकूंच्या पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरमध्ये भरायला घरातल्या माणसांची यादी काढली.

यादीत ‘तक्रार’ नावाचा पत्ता निघाला. तो कोण वाचतं, विचारलं. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. मी म्हटलं, काढून टाकू.

“छे, छे,” मालक म्हणाले. “राहू दे. ग्राहकांची एकही तक्रार हरवता कामा नये.”