पाठीतला कप्पा

बेस गिटारच्या माहितीपत्रकात लाकडाची कुळकथा सविस्तर दिलेली असते. अंग ॲल्डरचं की ॲशचं, मान मेपलची, वरची पट्टी रोजवूडची, खुंट्या कुठल्या, रंगाचे हात किती. सगळ्यात शेवटी, बारीक टायपात: ‘९ व्होल्ट बॅटरी.’ ही बॅटरी जिथे राहणार त्या कप्प्याबद्दल आणि त्याच्या झाकणाबद्दल अवाक्षर नसतं. माझा दाट संशय आहे की हे झाकण कारखान्यात सुटीच्या आदल्या संध्याकाळी, सुतार, रंगारी आणि इंजिनिअर घरी गेल्यावर, उरल्यासुरल्या प्लॅस्टिकातून ओतलं जातं.

मुळात बेस गिटारला सेल लागायचं काही कारण नव्हतं. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस आणला तो बिनसेलाचा. चुंबक, त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे आणि वर थरथरणारी जाड तार, एवढ्यावर वीज तयार होते आणि आवाज निघतो. कटकट एवढीच की लांबलचक वायरीतून जाताना त्या आवाजाची धार बोथट होते, आणि टोनचं बटण आहे ते कमी करतं, नाही ते वाढवू शकत नाही. मग सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या अलेम्बिकवाल्यांनी बेसच्या पोटातच प्रीअँप, म्हणजे आवाज उचलून धरणारं सेलावरचं सर्किट, बसवला. १९७६ साली म्युझिक मॅनचा स्टिंगरे आला आणि ‘ॲक्टिव्ह’ बेस सर्रास वाजू लागला. त्या स्टिंगरेमागे कोण होतं? पुन्हा लिओ फेंडरच. ज्याने आम्हाला पंचवीस वर्षं सेलाविना सुखात ठेवलं, त्यानेच सेल आणून आमच्या गळ्यात बांधला. या थोर माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

या प्रीअँपला सहसा चालू-बंदचं बटण नसतं. ते काम जॅककडे दिलेलं असतं. जॅक स्टिरिओ, पिन मोनो. पिन आत गेली की तिचा दांडा जॅकमधल्या दोन पत्त्यांना एकदम टेकतो आणि सेलाचं सर्किट पूर्ण होतं. ज्याला हे सुचलं त्याला साष्टांग नमस्कार. मात्र त्यामुळे बेसवाला चहाला उठला तरी पिन काढून उठतो. काढताना स्पीकरमधून ‘ठॉक’ असा आवाज येतो आणि त्यावर साऊंडवाला जे बोलतो ते या अंकात छापता येणार नाही.

सेल भराभर संपत असता तरी एक वेळ चाललं असतं. मोबाइल रोज मान टाकतो, म्हणून आपण चार्जर घेऊन हिंडतो. नऊ व्होल्टच्या अल्कलाइन सेलात साधारण ५०० मिलिअँपिअर-तास भरलेले असतात, आणि बरेच प्रीअँप मिलिअँपिअरभर विजेत संसार करतात. म्हणजे वाजवण्याचे शेकडो तास. गणपतीत घातलेला सेल शिमगा उलटला तरी तक्रार करत नाही. तोवर झाकण कसं उघडायचं हे आपले हात विसरतात आणि उघडायचं असतं हे झाकण विसरतं.

झाकणांच्या जाती अनेक. एकात सेल मागच्या मोठ्या पत्र्याखाली, सगळ्या वायरींच्या गर्दीत, स्पंजात गुंडाळून ठेवलेला. तो बदलायचा म्हणजे अर्धा डझन स्क्रू काढा. हे स्क्रू थेट लाकडात बसतात, त्यामुळे काही बदल्यांनंतर भोकं सैल होतात आणि त्यांत फेव्हिकॉल लावून आगपेटीच्या काड्या कोंबाव्या लागतात. दुसऱ्यात सेलाच्या डोक्यावर टोपी बसते. टोपीच्या दोन वायरी इतक्या नाजूक की टोपी उपटताना सेल जागेवर राहतो आणि वायर हातात येते. तिसरी जात सगळ्यांत आधुनिक. खटका दाबा, झाकण वर उचला, सेल सरकवा, झालं. यात टोपी नाही, वायर दिसत नाही, नुसत्या स्प्रिंगच्या पत्त्या. अधिक-उणेच्या खुणा आहेत, पण काळ्या प्लॅस्टिकवर काळ्याच, नुसत्या उठावाच्या. भर दुपारी खिडकीशी उभं राहिलं तर दिसतात. कार्यक्रम रात्री असतात.

माझा बेस या तिसऱ्या जातीचा.

कोकणात, बंदराला लागूनच्या मैदानात, नवरात्रातला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. साऊंड चेक झकास झाला. सेल कधी पटकन मरत नाही, हे त्याचं वाईट. आधी आवाज थोडा बसतो, मग जोरात छेडलं की फाटतो. दुसऱ्या गाण्याला साऊंडवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्या स्पीकरकडे पाहिलं. तिसऱ्याला दोघांनाही कळलं.

नवा सेल खिशात होता. तो जिवंत आहे ना, हे पाहायला मी शिरस्त्याप्रमाणे जिभेला लावला. झिणझिणला. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी ते पाहिलं, शेजारणीच्या कानाला लागल्या, आणि थोड्या वेळाने एक कार्यकर्ता विंगेत माझ्यासाठी बटाटेवड्यांची बशी घेऊन आला. “आजी म्हणाल्या, त्या पोराला आधी खायला द्या.”

कप्पा मात्र उघडेना. आतला सेल जरा पाझरला होता आणि झाकणाला आतून धरून बसला होता. ढोलकीवाले अण्णा म्हणाले, “नाणं घाल.” नाणं जाड निघालं. गायिका ताईंनी केसांतली पिन दिली, ती वाकली. की-बोर्डवाला म्हणाला, “तू बस तर खरं, मी डाव्या हाताने बेस भरतो.” हे तो गेली अनेक वर्षं सुचवतोय आणि त्यात मला मदतीचा हेतू कधीच दिसलेला नाही. तिकडे निवेदकाने माइक हातात घेतला आणि आमच्या मित्राच्या गिटारची प्रकृती बरी नाही, असं जाहीर करून टाकलं.

पुढचं गाणं बेसशिवाय झालं. त्याला वन्स मोअर मिळाला.

शेवटी अण्णांनी आपली हातोडी काढली. “अरे, वादीचे गठ्ठे ठोकतो तबल्यावर, हे काय!” म्हणाले आणि कडेवर एक नेमका ठोका दिला. झाकण उघडलं. त्याचा खटका प्रेक्षकांत गेला. ताईंनी मोबाइलचा उजेड धरला, मी काळ्यावरचा काळा अधिक बोटाने चाचपून ओळखला, सेल बसवला, पण आता झाकण जागेवर राहीना. आणि झाकणाने दाबून धरल्याशिवाय सेल पत्त्यांना टेकत नाही. टेप फक्त साऊंडवाल्याकडे होती. बोटभर तुकड्यासाठी त्याने अट घातली: “पिन काढताना आधी मला सांगायचं. ओरडून.” मी मान्य केलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कार्यक्रमात मध्यंतराच्या आधी मी “काढतोय रे!” असं ओरडतो. नव्या प्रेक्षकांना ते गाण्याचाच भाग वाटतं.

पुण्यात परतल्यावर नवा कप्पा आणायला तपकीर गल्लीत गेलो. तिथे काय मिळत नाही? ट्रान्झिस्टर मिळतात, बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरचे पट्टे मिळतात. नऊ व्होल्टचे कप्पेही मिळाले, पण बेसच्या लाकडात कोरलेल्या खाचेपेक्षा एक रुंद, एक उथळ आणि एकाचे कान भलत्याच बाजूला. एका दुकानदाराने माझं मोडकं झाकण हातात घेतलं, उलटसुलट केलं.

“कुठल्या रिमोटचं आहे?”

“रिमोटचं नाही. गिटारचं आहे.”

“गिटारला सेल?” त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “केवढ्याची आहे?”

मी किंमत सांगितली. त्याने आतल्या पोऱ्याला बोलावून माझ्या देखत ती त्यालाही सांगितली. मग झाकण परत देत म्हणाला, “हे मिळणार नाही. रिमोटचंसुद्धा आम्ही टेपच लावायला सांगतो. काळी देऊ की लाल?”

बेस तांबूस आहे. लाल घेतली.