कॅरेक्टरवालं घर

फ्रान्सच्या दोर्दोन्य जिल्ह्यात इंग्रजांनी इतकी घरं घेतली आहेत की चेष्टेनं त्याला ‘दोर्दोन्यशायर’ म्हणतात. नुकताच रिटायर झालेला साहेब लंडनचा फ्लॅट विकून तिथे उतरतो आणि एजंटला सांगतो: घर जुनं हवं, दगडी हवं, खेड्यात हवं आणि मुख्य म्हणजे त्याला कॅरेक्टर हवं. पीटर मेल यांनी १९८९ साली प्रोव्हान्समधल्या आपल्या शेतघरावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ही साथ फारच बळावली. पुस्तक इतकं खपलं की वाचक थेट त्यांच्या दारात येऊन उभे राहू लागले. शेवटी मेलसाहेब काही वर्षं अमेरिकेत जाऊन राहिले.

हे कॅरेक्टर आलं कुठून? खिडक्या बघा, लहान आणि मोजक्या. किती गोड! १७९८ पासून १९२६ पर्यंत फ्रेंच सरकार दारं-खिडक्या मोजून कर घेत होतं. शेतकऱ्यानं हिशेब केला आणि अंधारात राहिला. घर लांबलचक, सगळ्या खोल्या एका ओळीत, कारण एका टोकाला गुरं असायची आणि थंडीत त्यांची ऊब भिंतीपलीकडे मिळायची. तुळया काळ्याभोर, त्या चुलीच्या धुरानं. आज हा अंधार, हे शेण आणि हा धूर चौरस मीटरच्या भावानं विकला जातो.

घर पसंत पडलं की साहेब म्हणतो, खिडकी तेवढी जरा मोठी करू. पण पाचशे मीटरच्या आत एखादं संरक्षित चर्च निघालं, की सरकारी वास्तुतज्ज्ञाकडे परवानगीला जावं लागतं. झडपांचा रंगही त्याला विचारून. पूर्वी खिडकी पाडली की कर लागायचा, आता पाडली की नोटीस येते.

कागद भरपूर. शिसं, ॲस्बेस्टॉस, काही भागांत वाळवी, सगळ्यांचे अहवाल विकणाऱ्यानं द्यायचे. सेप्टिक टँकचाही. टाकी नियमात बसत नसली तर ती नव्या मालकानं वर्षाच्या आत दुरुस्त करायची. सौदा झाल्यावर माघार घ्यायला दहा दिवस मिळतात, ते साहेब पडद्यांची मापं घेण्यात घालवतो. त्यात १८०४ पासून कायद्यानं सगळी मुलं वारस. एक बोर्दोत, एक कॅनडात आणि एक बाकीच्यांशी बोलत नाही. सातबाऱ्यावरची नावं वाचलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको.

एकदाचं घर ताब्यात येतं आणि पहाटे कोंबडा आरवतो.

विनोद नाही, कोर्टात गेलेला विषय आहे. ओलेरों बेटावरच्या मोरीस नावाच्या कोंबड्यावर सुट्टीपुरतं येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला होता. (शेजारी फ्रेंचच होते, या दुखण्याला पासपोर्ट लागत नाही.) सप्टेंबर २०१९ मध्ये कोंबडा जिंकला आणि वर कोंबड्याच्या मालकिणीला हजार युरो भरपाई मिळाली. त्याच वर्षी गाजाक गावच्या महापौरांनी जाहीर पत्र लिहून मागणी केली, की खेड्यातले आवाज हा राष्ट्रीय वारसा माना. गाईचं हंबरणं, चर्चची घंटा, सगळंच. जानेवारी २०२१ मध्ये संसदेनं कायदा करून खेड्यातल्या आवाजांना आणि वासांनाही वारशात जागा दिली. शेणाचा वास आता सरकारमान्य आहे.

योगायोग बघा. त्याच जानेवारीपासून, ब्रेक्झिटच्या कृपेनं, लांब मुदतीचा व्हिसा नसलेल्या इंग्रजाला १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं. कोंबडा बारमाही, मालक हंगामी.

आणि ज्यानं हे घर विकलं, तो कुठे आहे? बऱ्याचदा गावाच्या कडेलाच, सिमेंटच्या ब्लॉकच्या नव्या बंगलीत. भिंतीएवढ्या खिडक्या, त्यांना दुहेरी काच, बटण दाबलं की खाली येणारी शटर्स. साहेबाच्या वाड्यात भिंतींना ओल आली, की तोच येऊन बघून जातो. त्या ओलीबद्दल त्याला सगळं ठाऊक आहे, आणि सल्ल्याचे तो पैसे घेत नाही.