हरिविजयाची वाटणी

साहेबाच्या घरी पिढीजात बायबल असते आणि त्याच्या कोऱ्या पानांवर वाडवडिलांचे जन्म, विवाह व मृत्यू सुवाच्य अक्षरांत नोंदलेले असतात, हे प्रथम वाचले तेव्हा मला त्या लोकांविषयी आदर आणि स्वकुलाविषयी किंचित शरम वाटली. आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील शिपायांच्या विधवांनी विवाहाचा पुरावा म्हणून बायबलाची ती पाने फाडून सरकारात रुजू केली व ती तेथील दफ्तरखान्यात अद्याप जपलेली आहेत, असे कळल्यावर तर आपल्याही घरात असा एखादा ग्रंथ निघावा, अशी अभिलाषा मनात बळावली.

निघाला. भंडारा जिल्ह्यातील बपेऱ्याच्या आमच्या घराच्या माळ्यावर, तांबड्या रुमालात बांधलेला, श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’. श्रीधरांनी तो शके १६२४ मध्ये पूर्ण केला. आमची प्रत मात्र छापील, सुट्या पानांची, आणि अध्यायाअखेरीस उरलेल्या कोऱ्या जागेत पणजोबांनी मोडीत कुलवृत्तान्त लिहिलेला. साहेबाचा ग्रंथ बांधीव असल्यामुळे त्याच्या घराण्यात माणूस आधी जन्मतो व मग मरतो. आमच्याकडे सर्व काही पाने कोणी कशी लावली यावर अवलंबून असल्याने, एका चुलत आजोबांचे बारसे त्यांच्या तेराव्यानंतर झालेले आढळले.

त्यात कालगणनेचा घोळ. पूजेअर्चेला शक, शेतसाऱ्याला फसली, सावकाराशी संवत आणि ठाण्यात वर्दी द्यायला इसवी, अशा चारही सनांत पणजोबांची गती होती. कोणता कोठे वापरला हे सांगण्याची तसदी मात्र त्यांनी घेतली नाही. ‘सन १३१०’ एवढेच लिहिलेले. फसली धरून ५९० मिळवले तर माणूस १९०० मध्ये सुखरूप उतरतो. शक समजून ७८ मिळवले तर बहामनी अमदानीत जाऊन पडतो.

आणि वृत्तान्त तरी कोणाचा? प्रामुख्याने चंद्री नावाच्या म्हशीचा. ती केव्हा व्याली, पारडी झाली की रेडा, किती प्रहर दिवस वर आला होता, याच्या नोंदी कोणत्याही ज्योतिषाने हेवा करावा अशा चोख. १८९९-१९०० च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळून निघाला. पोथीत त्या काळाचा पुरावा म्हणजे चंद्रीच्या वैरणीचा दीर्घ हिशेब. माझ्या आजोबांचा जन्म खर्चाच्या बाजूस सापडला : ‘घरात मुलगा झाला. तेल पाव शेर.’ हे ‘घरात’ म्हणजे माझी पणजी. तिचे नाव संपूर्ण पोथीत कोठेही नाही. कोतवाल बुकाची नक्कल काढली, तर तेथेही बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’. मुलाचेच नाव नाही, तेथे आईचे कोण विचारतो! चंद्री मात्र नावानिशी अजरामर आहे.

एवढे होऊन पोथी अठराव्या अध्यायावर थांबते. ग्रंथाचे अध्याय छत्तीस. चौकशीअंती उलगडा झाला की, पणजोबांच्या पश्चात भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा शेत, बैल, भांडी यांबरोबर हरिविजयही निम्मा-निम्मा वाटून घेण्यात आला. गोकुळातील बाळलीला बहुतेक आमच्याकडे राहिल्या आणि द्वारकेचा राज्यकारभार धाकट्या पातीकडे गेला. ती पाती बावनथडी नदीपलीकडे बालाघाट जिल्ह्यात स्थायिक झाली. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि आमच्या कुळाचा उत्तरार्ध परराज्यात जमा झाला.

पूल ओलांडून गेलो. त्या पातीतल्या काकांनी चहा दिला, तांबड्याच रुमालातून उरलेले अध्याय काढले आणि इतिहासप्रेमाने गहिवरलेल्या माझ्यापुढे थेट एक पान ठेवले. ‘सन १३१८. थोरल्या घराकडे येणे, धान दोन खंडी, सवाईने.’ फेड झाल्याची नोंद कोठेही नव्हती. काकांनी सर्व पाने त्याच हेतूने तपासली असावीत. मी घाईने खुलासा केला की हा सन उघडच फसली आहे, म्हणजे १९०८. शक धरला तर मूळ देणे १३९६ पर्यंत मागे जाते आणि सवाईचे व्याज तेव्हापासून चढू लागते, जे उभ्या तुमसर तालुक्याच्या धानानेही फिटणार नाही.

काकांनी चष्मा पुसला, ते पान पुन्हा एकदा सावकाश वाचले आणि म्हणाले, “शकच धरू.”