पंधरा अँपिअरची परवानगी

बारा-तेरा वर्षांची पेट्रोल सेडान काढून इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालेला गृहस्थ पुण्यात लांबूनही ओळखू येतो. बॅटरीचं रसायनशास्त्र त्याला मुखोद्गत असतं. एलएफपी बरी की एनएमसी, शून्यावरून शंभरला किती सेकंदांत पोचते, सनरूफ अर्धं उघडतं की पूर्ण, सगळं पाठ. आणि सगळ्यात वर रेंज. रोज कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर करणारा हा माणूस सेल्समनला विचारतो, ‘कोल्हापूरला एका दमात जाईल ना?’ कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर. त्याची सेडान आजवर साताऱ्याच्या आसपास मिसळीला थांबल्याशिवाय पुढे गेलेली नाही. पण इलेक्ट्रिक गाडीने मात्र थांबायचं नाही! हा सगळा अभ्यास वाया जाणार आहे, कारण गाडी कोणती घ्यायची हे तो ठरवतच नाही. ते ठरवते सोसायटीची मॅनेजिंग कमिटी, आणि तिच्यापुढे बॅटरीचा विषय येत नाही. विषय येतो तो पार्किंगमधल्या खांबावर बसवायच्या एका पंधरा अँपिअरच्या पॉइंटचा.

पैशांचा हिशेब कुणालाही जमण्यासारखा आहे. शहराच्या गर्दीत जुनी सेडान लिटरला बारा किलोमीटर देते असं धरू. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे तेवढंही देईल याची खात्री नाही, पण धरू. रोजचे तीन लिटर, शंभराच्या वरच्या भावाने तीनशे रुपये गेले. तेवढ्याच धावेला इलेक्ट्रिक गाडीला सहाएक युनिट वीज लागते. घरच्या पॉइंटवर ती साठ-सत्तर रुपयांत पडते आणि दोन तासांत भरून होते. सरकारनेही हात आखडता घेतलेला नाही. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब पेट्रोल गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर ५. राज्याच्या २०२५च्या धोरणात टोलमाफीही आली. म्हणजे गाडी स्वस्त पडावी म्हणून वरून खाली सगळे कामाला लागले आहेत, आणि घोडं पेंड खातं ते तळमजल्यावर, वॉचमनच्या खुर्चीमागच्या खांबापाशी.

पॉइंटला परवानगी का नाही? पहिलं उत्तर असतं ‘लोड’. ‘बिल्डिंगचा लोड वाढेल हो.’ हा शब्द उच्चारताना सेक्रेटरींचा आवाज खाली जातो, जणू पाहुण्यांसमोर घरातलं आजारपण निघालंय. तर लोड बघू. पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर गाडी साधारण तीन किलोवॅट घेते. इन्स्टंट गीझरही तीन किलोवॅटचाच असतो. प्रत्येक फ्लॅटमध्ये दोन बाथरूम, दोन गीझर, वर दीड टनाचे दोन एसी. सकाळी साडेसातला अख्खी बिल्डिंग एकदम आंघोळीला जाते तेव्हा लोड कुणाला आठवत नाही. गच्चीवर पाणी चढवणारा पाच हॉर्सपॉवरचा पंप याहून जास्त ओढतो, आणि तो टाकी ओसंडून पाणी जिन्यात येईपर्यंत चालू असतो. गणपतीत त्याच पार्किंगमध्ये मंडप पडतो. दहा दिवस फोकस, माळा, स्पीकर, प्रसादाच्या इडल्यांचा इलेक्ट्रिक कुकर, सगळं कॉमन मीटरवर. तेव्हा लोड विसर्जनापर्यंत रजेवर जातो. गाडी तर रात्री अकराला लावता येते. गीझर बंद, पंप बंद, सेक्रेटरी झोपलेले. तरीही लोड वाढतो म्हणतात. बरं, इमारत खरोखरच जुनी असेल, वायरिंग तीस वर्षांपूर्वीचं असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, मंजूर भार वाढवून घ्या. ही शंका रास्त आहे. पण तपासायला माणूस बोलावलेली कमिटी शोधावी लागेल. लोड बहुतेक ठिकाणी अंतर्ज्ञानानेच मोजला जातो.

दुसरं उत्तर आगीचं. २०२२च्या उन्हाळ्यात पेटलेल्या स्कूटरींचे व्हिडिओ अजून ग्रुपवर फिरतात, आणि बॅटरी पेटली तर विझवायला जड जाते, पाणी फार लागतं, हेही खरं आहे. मात्र शेजारच्या पट्ट्यात उभ्या सेडानच्या टाकीत चाळीस लिटर पेट्रोल असतं. लिटरमागे साधारण नऊ युनिट ऊर्जा धरली तर ती टाकी तीस युनिटच्या बॅटरीच्या बारापट. पलीकडे दोनशे बार दाबाचं सीएनजी सिलिंडर, कोपऱ्यात जनरेटरचं डिझेल. यांच्यामध्ये झोपलेली ही इमारत एका प्लगला घाबरते! आणि परवानगी नाकारल्यावर काय होतं ते बघा. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक वायर खाली सोडली जाते. तुळशीच्या कुंडीला एक वेढा, ग्रिलला दुसरा, मधल्या जोडावर काळी चिकटपट्टी, आणि खाली लोंबकळणारा एक्स्टेन्शन बोर्ड पावसाने भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत बांधलेला. एमसीबी, आरसीसीबी, वेगळं अर्थिंग यांच्यासह बसवलेला पॉइंट धोकादायक. दुधाच्या पिशवीतला मात्र चालतो, कारण त्यासाठी कुणी अर्ज केलेला नसतो.

मग भात्यातला शेवटचा बाण निघतो, आणि खरा तोच: ‘एकाला दिलं की सगळे मागतील.’ यावर हसून सोडून द्यायचं खूप मनात आहे, पण जमत नाही. अहो, सगळ्यांनी मागावं म्हणूनच तर सोसायटी असते! पाणी सगळ्यांनी मागितलं म्हणून टाकी बांधली, लिफ्ट सगळ्यांनी मागितली म्हणून लिफ्ट आली. पण नाही. विषय वार्षिक सभेत, तोही अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत, म्हणजे वेफर्सच्या पुड्या फुटल्यानंतर. तिथे ज्यांच्याकडे गाडीच नाही ते विचारतात, आमच्या मेंटेनन्समधून का? अर्जदार सांगतो, वायर माझ्या मीटरवरून, बिल माझं, खर्च माझा, कॉमन मीटरला हातही नाही. यावर तिसऱ्या रांगेतून प्रश्न येतो, ‘ते ठीक आहे, पण आमच्या मेंटेनन्समधून का?’ चौथे गृहस्थ बिल्डरने न दिलेल्या कन्व्हेयन्सकडे वळतात, पाचव्यांना कबुतरांचा बंदोबस्त हवा असतो, आणि साडेनऊला ठराव होतो की एक उपसमिती नेमावी. उपसमितीत तेच सेक्रेटरी, तेच खजिनदार आणि ‘इलेक्ट्रिकलमधले’ म्हणून एक निवृत्त गृहस्थ, ज्यांची हयात खतांच्या कारखान्यात गेली. पुढची सभा पुढच्या सप्टेंबरात. केंद्राच्या जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांतच स्वच्छ लिहिलं होतं की मालकाला राहत्या जागी असलेल्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. नव्या निवासी इमारतींत किमान वीस टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार हवं, असं राज्याचं २०२१चं धोरणही सांगत होतं. म्हणजे तुमची परवानगी ही मेहेरबानी नाहीच मुळी! पण स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या जागेत एक खटका बसवणाऱ्या माणसाला वर्ष-वर्ष लोंबकळत ठेवायचं, आणि रविवारी त्याच ग्रुपवर हवेच्या प्रदूषणाची बातमी रडक्या चेहऱ्यासह टाकायची. याला लोड म्हणत नाहीत. याला खुर्चीची मस्ती म्हणतात.

‘मग बाहेर करावं की चार्ज, जागोजागी चार्जर झालेत,’ असा सल्ला मिळतो. झालेत ना. तिथे युनिटला वीसच्या आसपास मोजायचे, अ‍ॅप उघडायचं, दुसरं अ‍ॅप उघडायचं, आणि चार्जरसमोर एक डिझेल एसयूव्ही सावली बघून लावलेली असायची. लांबच्या प्रवासाला हे ठीक. रोज संध्याकाळी नव्हे. म्हणूनच इतका अभ्यास करूनही आपला गृहस्थ शेवटी ४० टक्के जीएसटी भरून पुन्हा पेट्रोलच घेतो आणि कारण सांगतो रेंजचं. बिचाऱ्या गाडीची रेंज कोल्हापूरपर्यंत होती. कमी पडली ती मीटर रूमपासून खांबापर्यंतची.

तेव्हा गाडी बदलायला निघालेल्यांनो, टेस्ट ड्राइव्ह राहू द्या. आधी मीटर रूमपासून तुमच्या खांबापर्यंतचं अंतर टेपने मोजा, वीजबिलावर छापलेला मंजूर भार वाचा, अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर तारखेसकट पोच घ्या. लेखी उत्तर हातात पडेपर्यंत बुकिंगचा एक रुपयाही भरू नका.