सगळे मिळून उशीर करू या

मध्यमवर्गीय मराठी घरात हल्ली माणसांपेक्षा कॉम्प्युटर जास्त. हॉलमध्ये जुना डेस्कटॉप, आतल्या खोलीत ऑफिसचा लॅपटॉप, आणि भंगारात द्यायला जीव होत नाही म्हणून ओट्याशेजारी मांडलेला तिसरा. घरातल्या चौघांचं कुठल्याही विषयावर एकमत होत नाही, पण या तिघांनी एका सुरात गावं अशी हौस मात्र अनेकांना असते. रविवारी सकाळी हॉलमध्ये भीमसेन जोशी लागावेत आणि आत कांदा चिरतानाही तान तुटू नये, एवढंच मागणं.

पहिला प्रयोग सगळीकडे सारखाच. एक जण हॉलमध्ये, एक जण आत. ‘एक, दोन, तीन!’ असं ओरडून दोघं प्लेचं बटण दाबतात. मग कोणीतरी मधल्या पॅसेजमध्ये जाऊन उभं राहतं आणि त्याच्या लक्षात येतं की सम दोनदा येते आहे. एकदा डाव्या कानात, एकदा उजव्या. पंडितजींची स्वतःशीच जुगलबंदी चाललेली. दाद नेमकी कुठल्या समेला द्यायची?

यात बोटांचा दोष थोडा आणि कानांचा मोठेपणा जास्त. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर कान तो एकच समजून सांभाळून घेतात. जर्मनीत हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये याच गोष्टीवर प्रबंध लिहिला. ही सवलत साधारण तीसेक-चाळीस मिलिसेकंदांची. त्यापुढे कान तक्रार करतात.

समजा बटणं अगदी एका क्षणी दाबली गेली. तरी सुख टिकत नाही. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये क्वार्ट्‌झचा एक स्फटिक असतो आणि तोच त्याचं घड्याळ. दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. त्यांच्यात दहा लाखांत पन्नासाचा फरक असणं अगदी मामुली. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण मिनिटाला 3 मिलिसेकंद आणि तासाला 180 मिलिसेकंद असा तो साचत जातो. म्हणजे विलंबित ख्याल रंगात येईपर्यंत दोन्ही खोल्यांचे सवतेसुभे झालेले असतात. त्यात स्वयंपाकघरात ब्लूटूथचा स्पीकर असेल तर बघायलाच नको. तो स्वतःचे दीडशे-दोनशे मिलिसेकंद वेगळे खातो.

हा गोंधळ मुद्दाम घालून त्याला कला म्हणणारेही आहेत. ‘द फ्लेमिंग लिप्स’ या अमेरिकी बँडने 1997 मध्ये ‘झायरीका’ नावाचा अल्बम काढला. त्यात चार सीडी. त्या चार वेगवेगळ्या प्लेयरवर एकाच वेळी लावायच्या आणि त्या मागे-पुढे होणार हे गृहीतच धरायचं. आपल्याकडे हे विकत घ्यावं लागत नाही. दोन गणपती मंडळं आणि त्यांच्यामधला एक फ्लॅट एवढ्यावर भागतं.

बरं, इलाज आहे का? आहे, आणि तो आपल्या स्वभावाला मानवणारा आहे. लोकांना वाटतं की सगळे कॉम्प्युटर एकदम सुरू झाले की काम झालं. उलट आहे. सगळ्यांना मिळून ठरवून उशीर करायला लावायचा, ही खरी युक्ती. पंगतीत पहिलं पान वाढलं म्हणून कोणी लगेच भात कालवत नाही. शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत थांबतात, मग सगळे एकदम. स्नॅपकास्ट नावाची फुकट प्रणाली नेमकं हेच करते. एक कॉम्प्युटर यजमान होतो. तो गाण्याचे बारीक तुकडे करतो, प्रत्येकावर वेळेचा शिक्का मारतो आणि घरभर वाटतो. बाकीचे ते तुकडे हातात धरून बसतात आणि शिक्क्यावरच्या वेळेनंतर एक सेकंदाने सगळे एकदम वाजवतात. ज्याचं घड्याळ पुढे पळतं किंवा मागे रेंगाळतं, त्याच्या गाण्यात मधूनच एखादा कण घातला किंवा काढला जातो. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात सेकंदाला 44,100 कण असतात, त्यामुळे एखादा इकडचा तिकडे झाला तर कोणाला पत्ता लागत नाही. फरक एका मिलिसेकंदाच्याही आत राहतो.

म्हणजे शिस्त शक्य आहे. पण कंपन्यांना शिस्त नको, वतन हवं. अ‍ॅपलचं एअरप्ले एका घड्याळावर चालतं, गूगलचं क्रोमकास्ट दुसऱ्या, सोनोसचं तिसऱ्या. एका कंपनीचे स्पीकर घेतलेत तर सून त्याच घराण्यातली आणावी लागते. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने निकाल दिला की गूगलने सोनोसच्या पाच पेटंटांचं उल्लंघन केलं आहे. निकालानंतर गूगलने काय केलं? लोकांच्या घरात आधीच बसवलेल्या स्पीकरांमधून एक सोय काढून घेतली: सगळ्या खोल्यांचा आवाज एकदम कमी-जास्त करण्याची. पैसे मोजलेल्या माणसाने मग प्रत्येक स्पीकरचा कान वेगवेगळा पिळायचा! पुढे खटल्यांची पारडी इकडून तिकडे झुकत राहिली. आपल्याच हॉलमधला आवाज कमी करायचा हक्क वॉशिंग्टनमध्ये ठरतो, हे मात्र तेवढ्यात कळलं.

आणि हे सगळं ज्यासाठी, ते रेडिओने कधीच फुकट दिलं होतं. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ लागली की आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी गाणं तुटत नसे. दर खिडकीत वेगळा रेडिओ, पण सगळ्यांचा सूर एक. आता तेवढ्याच आळीत क्रिकेटची मॅच लागते. डीटीएचवाला शेजारी ‘सिक्स!’ म्हणून ओरडतो तेव्हा मोबाइलवर बघणाऱ्याचा बॉलर अजून रनअपला वळलेलाही नसतो. आपण पैसे भरून वीस-तीस सेकंद जुनी बातमी बघतो आणि वर तिला ‘लाइव्ह’ म्हणतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच प्रणालीच्या हातात नाही, ती म्हणजे हवा. आवाज सेकंदाला 343 मीटर चालतो, म्हणजे दहा मीटर यायला त्याला 29 मिलिसेकंद लागतात. आतला स्पीकर पुरेसा लांब असेल, तर घड्याळं कितीही जुळवा, पॅसेजमध्ये उभा राहणारा तक्रार करणारच. त्याला सांगा, एका खोलीत जाऊन बस.

तेव्हा हिशेब सरळ आहे. घर लहान असेल तर एक अ‍ॅम्प्लिफायर आणि वीसेक मीटर वायर पुरे. वायर भिंतीवर दिसते म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत. घर मोठं आणि कॉम्प्युटर पडून असतील, तर स्नॅपकास्ट बसवा, एक रविवार त्यात घाला आणि ‘घराण्या’चे स्पीकर घेऊ नका. आणि घरात दोनच माणसं असतील, तर तिन्ही कॉम्प्युटर बंद करा आणि एका खोलीत बसून ऐका. त्याचं पेटंट अजून कोणी घेतलेलं नाही.