भावोजींचा बोअर

परळच्या आमच्या भावोजींना निवृत्तीनंतर रायफल घ्यायची आहे. शिकारीसाठी नव्हे, मच्छरदाणीत शिरलेल्या डासालाही ते टॉवेलने वाट दाखवतात. त्यांना हवी आहे अचूकता. दुकानातून आणली तशीच, कुठेही कानस न लावता, नेमकी मारणारी. आता फक्त बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, ठरायचा होता.

त्या 'फक्त'मध्ये श्रावण गेला, गणपतीही गेले. सकाळच्या चहाला जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी, आणि रात्री ताकभात कालवताना "ती म्हणजे मुळात ७ मिलिमीटरची माउझरच" हा खुलासा. ताई एकदा म्हणाली, "अहो, आधी तूरडाळ कुठल्या डब्यात आहे ते नेमकं सांगा."

खरं तर आपल्याकडे अचूकतेला विचारतो कोण? लष्कराची .३०३ सामान्य माणसाच्या हाती पडू नये, हे इंग्रजांनीच ठरवून ठेवलं. म्हणून ईशापूरच्या कारखान्यातून नागरिकांसाठी निघाली ती .३१५. बोअर कायद्याने निवडला. नेम तुमचा तुम्ही धरा. शिवाय परवाना हवाच. बिनपरवाना हवी तर एअर रायफल, तीही .१७७पर्यंतच, म्हणजे ४.५ मिलिमीटर, आणि जोर २० ज्यूलच्या आत.

भावोजींचा चेहरा उतरला. "म्हणजे चौपाटीवरची फुग्यांची बंदूक?"

जवळजवळ तीच की! नेमबाज अंजली भागवत दादरच्या कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून वरळीच्या रेंजवर गेल्या आणि २००२ साली म्युनिकला 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' झाल्या, त्या ४.५वरच. दहा मीटरवर 'दहा' गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. छर्राच त्याच्या नऊपट जाड! तरी जाणकार छर्रे घेतात ४.४९, ४.५० की ४.५१ असं डोकं मोजून. रायफल शिकंज्यात आवळायची, एकेका लॉटचे छर्रे झाडायचे आणि कागदावर ज्यांची भोकं एकमेकांत शिरतील तो लॉट उचलायचा. पेटी फोडून वास घेतल्याशिवाय हापूस न घेणाऱ्या गिरगावकराला हे वेगळं शिकवायला नको. एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांनाही एकच छर्रा मानवेल असं नाही.

हे ज्ञान मी चौपाटीवर पडताळलं. हिरव्या फुग्यावर नेम धरला, फुटला शेजारचा लाल. फुगेवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, ही उजवीकडे ओढते. वीतभर डावीकडे धरा." आपल्या बंदुकीची इतकी खडान्‌खडा माहिती भावोजींच्या एकाही पुस्तकात नव्हती.

अखेर भावोजी .१७७वर उतरले आणि टेप घेऊन चाळीची गॅलरी मोजू लागले. दहा मीटर भरली. मध्ये पाण्याची पिंपं, वाळत घातलेली धोतरं, एक तुळस आणि शेवटच्या खोलीतल्या आजींची आरामखुर्ची. खुर्ची सरकवायचं नाव काढताच आजींनी चष्मा पुसला.

"मी हलायची नाही. पण फुगे लावणार असशील तर नातवंडांना बोलावते. एका फुग्याचे किती घेणार?"